महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील मजकूर कोणी लिहावा आणि तो ताजा कसा ठेवावा?

प्रश्न : कयाधूकाठ (हिंगोली जिल्हा)

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात मराठी शिकवतो. यंदा जूनमध्ये प्राचार्यांनी संकेतस्थळ समितीचे समन्वयकपद माझ्याकडे दिले. कारण विचारले तेव्हा ‘तुमची भाषा चांगली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. समितीत आम्ही चार जण आहोत, त्यांपैकी दोघे तासिका तत्त्वावर आहेत, आणि ज्याने संकेतस्थळ तयार केले तो ठेकेदार उचलला तर फोन उचलतो.

पदभार घेतल्यावर महिन्याभरातच जे घडले ते सांगतो. सेनगाव तालुक्यातून एक पालक मुलीला घेऊन प्रवेशासाठी आले. गावातल्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून त्यांनी आमच्याच संकेतस्थळावरची सूचना छापून आणली होती, तीवर ‘प्रवेश अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख 10 जुलै’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते आणि वर्षाचा उल्लेख कोठेही नव्हता. ती सूचना दोन वर्षांपूर्वीची होती. यंदाची मुदत चार दिवस आधीच संपली होती. विलंबाच्या अर्जांत मुलीची सोय झाली, परंतु त्या गृहस्थांनी दिवसभराची मजुरी बुडवून तो कागद आमच्या टेबलावर ठेवला तेव्हा आमच्यापैकी कोणाजवळही उत्तर नव्हते. विशेष म्हणजे ती सूचना आम्ही मुखपृष्ठावरून गेल्याच वर्षी काढून टाकली होती, तरीही ती त्यांना कशी सापडली हे मला अजून उमगलेले नाही.

बाकीची अवस्थाही सांगण्यासारखी नाही. ‘प्राचार्यांचे मनोगत’ या पानावर सेवानिवृत्त प्राचार्यांचे छायाचित्र आहे, आणि 2019 च्या स्नेहसंमेलनाच्या बातमीशेजारी ‘नवीन’ ही लाल अक्षरे अद्याप लुकलुकत आहेत. माझे विचारणे असे की, मजकुराची जबाबदारी नेमकी कोणाकडे असावी, तो मराठीत असावा की इंग्रजीत, आणि एकदा नीट केल्यावर तो पुन्हा शिळा होऊ नये यासाठी आपण आपापल्या महाविद्यालयांत काय करता?

उत्तर : मांजराकाठचा ग्रंथपाल (लातूर जिल्हा)

सर, ‘तुमची भाषा चांगली आहे’ या वाक्यातच रोगाचे मूळ आहे. संकेतस्थळ हा निबंधलेखनाचा विषय आहे असे आपल्याकडे समजले जाते, म्हणून ते मराठीच्या किंवा इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे जाते. किंवा तो यंत्राचा विषय समजला जातो आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे जातो. माझ्या अनुभवात तो मुख्यतः कार्यालयीन नोंदीचा विषय आहे. ग्रंथालयात एखादे पुस्तक कोणाच्या नावावर आहे आणि ते कधी परत यायचे आहे हे नोंदलेले नसेल तर ते परत येत नाही. संकेतस्थळावरील पानाचेही तसेच होते.

आम्ही सुरुवात एका साध्या वहीने केली. संकेतस्थळावरील प्रत्येक पान उघडून त्याचे शीर्षक, त्यातील माहिती खरी कोणाला ठाऊक असते त्याचे पद, आणि ती माहिती शेवटची कधी तपासली गेली, एवढे तीन रकाने भरले. या कामाला दोन शनिवार गेले. येथे पद लिहावे, व्यक्तीचे नाव लिहू नये, कारण बदली आणि निवृत्ती यांत नाव जाते आणि पद राहते. शुल्काचे पान लेखापालांचे, वसतिगृहाचे पान अधीक्षकांचे, परीक्षेचे पान परीक्षा विभागप्रमुखांचे, आणि विभागाचे पान त्या त्या विभागप्रमुखांचे. आपल्या समितीने मजकूर तपासावा, त्याची भाषा एकसारखी करावी, पण आकडे आणि तारखा यांची हमी मात्र त्या पदावरील व्यक्तीनेच द्यावी. लेखापालांनी सही केल्याशिवाय शुल्काचा आकडा आमच्याकडे चढत नाही.

मजकुराचे आयुष्यही सारखे नसते. काही मजकूर कोथिंबिरीसारखा असतो, चार दिवसांत सुकतो. प्रवेशाच्या आणि परीक्षा अर्जांच्या सूचना अशा असतात. काही ज्वारीसारखा वर्षभर पुरतो, जसे शुल्क, शैक्षणिक दिनदर्शिका, प्राध्यापकांची यादी. आणि महाविद्यालयाचा इतिहास, बसस्थानकापासूनचा रस्ता, असा थोडा मजकूर चिंचेसारखा वर्षानुवर्षे टिकतो. तिन्ही एकाच कोठारात ओतले की ज्वारीलाही वास लागतो. म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी ‘हे पान अमुक दिनांकास तपासले’ ही ओळ आम्ही सक्तीची केली आहे.

आता खरी युक्ती सांगतो. ती माझी नाही, आमच्या कार्यालय अधीक्षकांची आहे. महाविद्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक सूचनेला जावक क्रमांक पडतो आणि जावक लिपिक ती नोंदवहीत लिहितात. या नोंदवहीत उजवीकडे दोन रकाने वाढवले : ‘संकेतस्थळावर चढवल्याचा दिनांक’ आणि ‘उतरवण्याचा दिनांक’. नवी समिती नाही, नवी बैठक नाही. जे रजिस्टर रोज उघडले जाते त्यातच काम बसवले, म्हणून ते टिकले. यापूर्वी यासाठी आम्ही एक व्हॉट्सॲप गट काढला होता. त्यात आता फक्त सणांच्या शुभेच्छा येतात.

लेखनाबद्दल एकच नमुना देतो. आमच्या फलकावरील मूळ सूचना अशी होती : ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, ज्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज अद्याप भरलेले नाहीत अशा विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत आवश्यक त्या कागदपत्रांसह अर्ज सादर करावेत, अन्यथा होणाऱ्या नुकसानीस विद्यार्थी स्वतः जबाबदार राहील.’ या वाक्यात नुकसान कोणाचे ते कळते, परंतु मुदत कोणती आणि कागद कोणते हे कळत नाही. ती आम्ही अशी लिहिली : ‘महाडीबीटी शिष्यवृत्ती, 2025-26. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची छापील प्रत, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागील वर्षाची गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत शुक्रवार, 12 डिसेंबर 2025 रोजी दुपारी 4 वाजेपर्यंत कार्यालयातील खिडकी क्रमांक 2 येथे द्यावी.’ वार, दिनांक आणि वर्ष तिन्ही लिहावेत. वार लिहिल्याने आपलीच चूक आपल्याला सापडते, कारण वार आणि दिनांक जुळले नाहीत तर कोणीतरी लगेच फोन करतो.

भाषेचे म्हणाल तर विद्यार्थी आणि पालक जे पान उघडतात ते आधी मराठीत असावे. मात्र ‘बोनाफाईड’, ‘टीसी’, ‘मायग्रेशन’ हे शब्द तसेच ठेवावेत. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ एकदा कंसात दिला तरी चालेल, पण विद्यार्थी खिडकीवर येऊन ‘टीसी’च मागतो आणि मोबाइलवरही तोच शब्द शोधतो.

उत्तर : खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

मी संकेतस्थळे तयार करण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे ठेकेदारांवरचा राग मी नेहमीच ऐकतो आणि त्यातला बराचसा योग्यही असतो.

कयाधूकाठ सर, ती जुनी सूचना पालकांना कशी सापडली ते सांगतो. आपण मुखपृष्ठावरून तिचा दुवा काढला, परंतु मूळ पीडीएफ फाइल सर्व्हरवर तशीच राहिली. गूगलने ती पूर्वीच नोंदवून ठेवलेली असते, म्हणून ‘महाविद्यालयाचे नाव, प्रवेश, अंतिम तारीख’ असे शोधल्यावर ती थेट समोर येते. त्या माणसाला आपले मुखपृष्ठ पाहण्याची गरजच पडत नाही. मेनूतून काढणे म्हणजे फलकावरचा कागद काढून त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला चिकटवणे होय. यावर उपाय असा की, प्रवेशासाठी एकच कायमचे पान ठेवावे, त्याचा पत्ता दरवर्षी तोच असावा, त्या पत्त्यात वर्ष घालू नये, आणि दरवर्षी त्या पानावरचा मजकूर बदलावा. जुने दुवे, जुन्या व्हॉट्सॲप संदेशांतले पत्ते, सगळे मग आपोआप नव्या माहितीकडेच येतात. सूचना पानावर अक्षरांत लिहावी. सही-शिक्क्याची पीडीएफ प्रत हवी असल्यास खाली जोडावी आणि मुदत संपल्यावर ती फाइलच काढून टाकावी.

दुसरी गोष्ट जुन्या मराठी मजकुराची. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कार्यालयातल्या संगणकावर सुंदर दिसतो आणि मोबाइलवर रोमन अक्षरांचा खिचडा होतो, कारण तेथे प्रत्यक्षात मराठी अक्षरे नसतातच, रोमन अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. असा मजकूर शोधातही सापडत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर मराठी अक्षरे मराठीच राहणाऱ्या पद्धतीत, रूपांतरित करणारी साधने मिळतात, परंतु रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कार्यालय’, ‘विद्यार्थी’ हे शब्द डोळ्यांनी तपासावेत; रफार आणि ‘ऱ्या’मधला अर्धा र येथेच गळतात. येथे मात्र मराठीच्या प्राध्यापकाचा खरोखर उपयोग आहे.

आणि कृपया आजच तपासा की आपले डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, कोणाच्या नावावर आहे. शैक्षणिक संस्थांना मिळणारे डॉट एसी डॉट इन हे नाव अर्नेट इंडिया या संस्थेकडे नोंदवले जाते आणि त्याचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते तो पत्ता कित्येक महाविद्यालयांत सोडून गेलेल्या प्राध्यापकाचा किंवा ठेकेदाराचा असतो. नाव, होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) आणि प्रशासकाचा पासवर्ड या तिन्ही गोष्टी महाविद्यालयाच्या पदनामाच्या ईमेलवर असाव्यात आणि त्यांची लेखी नोंद बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात असावी. संकेतस्थळ सुरक्षित असल्याचे दाखवणाऱ्या कुलूपचिन्हासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते, परंतु त्याची मुदत 90 दिवसांची असते. स्वयंचलित नूतनीकरण बंद पडले की विद्यार्थ्याला ‘हे संकेतस्थळ असुरक्षित आहे’ असा इशारा दिसतो आणि तो मागे फिरतो.

छायाचित्रांबद्दल थोडक्यात : मोबाइलवर काढलेले पाच-सहा एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे चढवू नये. ज्या गावात टॉवरची एकच काडी दिसते तेथे ते पान उघडत नाही.

उत्तर : दुधना (जालना जिल्हा)

मी आमच्या महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाची समन्वयक आहे. वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु ‘मुदत संपली की फाइल काढून टाका’ या सल्ल्याला मला स्पष्ट विरोध नोंदवावासा वाटतो.

नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था, हिच्यासाठी वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल संकेतस्थळावर असावाच लागतो, आणि स्वयंअध्ययन अहवालात पुरावा म्हणून आपण शेकडो दुवे देतो. पडताळणीच्या वेळी त्यांपैकी एखादा दुवा उघडला नाही तर त्या दाव्याला पुरावा उरत नाही. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी ठेकेदार बदलला, नव्याने संकेतस्थळाची रचना ‘आकर्षक’ केली, आणि प्रत्येक फाइलचा पत्ता बदलला. अहवालातील दुवे एका रात्रीत मेले. आम्ही तिघींनी दिवाळीच्या सुट्टीत बसून ते एकेक करून पुन्हा जोडले, आणि ज्या छायाचित्रांच्या मूळ प्रती आमच्याजवळ नव्हत्या त्यांपैकी थोडी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) सापडली, बाकीची गेली. म्हणून कोणताही करार करताना ‘जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवून दिले जातील’ हे कलम लेखी घ्यावे.

शिवाय काही पाने आपल्या इच्छेवर नाहीत. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4(1)(ख) प्रमाणे 17 बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवायची असते. अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंग प्रतिबंधक समिती आणि विद्यार्थी तक्रार निवारण समिती यांचे सदस्य व संपर्क दिसले पाहिजेत. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय साहाय्य क्रमांक 1800-180-5522 हा तर मुखपृष्ठावरच असावा. या पानांवर निवृत्त सदस्याचा मोबाइल क्रमांक राहणे हा केवळ शिळेपणा नव्हे. घाबरलेली मुलगी फोन करते आणि पलीकडून ‘मी आता तेथे नाही’ असे उत्तर येते.

याउलट जे मुळीच चढवू नये तेही चढवले जाते. शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांची यादी म्हणून नाव, जात, मोबाइल, बँक खाते आणि आधार क्रमांक असलेली संपूर्ण एक्सेल शीट टाकलेली मी पाहिली आहे. आधार कायदा आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई करतो, आणि 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला आहे. नॅकला पुरावा द्यायचा म्हणून विद्यार्थ्यांची खासगी माहिती उघड्यावर मांडणे आम्ही थांबवले. आता यादीत नोंदणी क्रमांकाचे शेवटचे काही अंक आणि योजनेचे नाव एवढेच असते.

नावांचाही प्रश्न येथे येईल. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. चालू पानांवर नवे नाव असावे, परंतु जुन्या अहवालांत आणि प्रमाणपत्रांत जाऊन नाव बदलू नये. तो दस्तऐवज ज्या दिवशीचा आहे त्या दिवसाचे नाव त्यावर राहू द्यावे. 14 जानेवारी 1994 पूर्वीच्या कागदांवर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ असते आणि ते तसेच बरोबर आहे.

उत्तर : मांजराकाठचा ग्रंथपाल

दुधना मॅडम, आपला आक्षेप रास्त आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. अहवाल हा दस्तऐवज आहे, त्याचा पत्ता कधीच बदलू नये. ‘अर्ज 10 जुलैपर्यंत द्या’ ही सूचना हा निरोप आहे. तो पोहोचल्यावर किंवा हुकल्यावर त्याचे काम संपते. निरोप पुरावा म्हणून ठेवायचाच असेल तर त्याला ‘संग्रह’ या वेगळ्या विभागात न्यावे, फाइलच्या नावात आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर शैक्षणिक वर्ष लिहावे, आणि ‘मुदत संपलेली सूचना’ असा शिक्का मारून मगच चढवावी. ‘स्कॅन0047’ अशा नावाच्या फाइली संग्रहात गेल्या तर त्या आपल्यालाही सापडणार नाहीत.

याच संदर्भात अभ्यासक्रमाचे उदाहरण देतो. नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आले आणि त्यामुळे काही काळ नव्या रचनेचे विद्यार्थी आणि जुन्या रचनेचे विद्यार्थी एकाच वर्गखोल्यांत वावरत होते. आम्ही उत्साहाने जुना अभ्यासक्रम काढून मेजर, मायनर आणि क्रेडिटचे नवे पान लावले. दुसऱ्याच दिवशी बी.ए. तृतीय वर्षाच्या मुली ग्रंथालयात आल्या आणि ‘आमचा पेपर रद्द झाला का?’ असे विचारू लागल्या. तेव्हापासून अभ्यासक्रमाच्या पानाची पहिलीच ओळ ‘ज्यांनी प्रथम वर्षाला अमुक साली प्रवेश घेतला त्यांच्यासाठी’ अशी असते.

उत्तर : गोदातीर (परभणी)

मी दृष्टिहीन आहे आणि एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. एनव्हीडीए हे विनामूल्य वाचकसॉफ्टवेअर मला संकेतस्थळे वाचून दाखवते.

आपण सर्वांनी सही-शिक्क्याच्या पीडीएफचा उल्लेख केलात. ती स्कॅन केलेली असेल तर माझ्यासाठी तो कोरा कागद आहे. सॉफ्टवेअर फक्त ‘चित्र’ असे म्हणते. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे वेळापत्रक मी आजवर शिपायाकडून वाचून घेत आलो आहे, आणि सांगण्यास संकोच वाटतो की एकदा त्याने शेजारची ओळ वाचली व मी चुकीच्या दिवशी गेलो. खामनदी यांनी सांगितल्याप्रमाणे मजकूर पानावर अक्षरांत असेल तर माझाही प्रश्न सुटतो. वेगळा खर्च काही नाही.

आणखी तीन विनंत्या. छायाचित्राला वर्णन द्यावे, परंतु ‘छायाचित्र 1’ असे नको. ‘रक्तदान शिबिरात नोंदणी करणारे विद्यार्थी’ असे चालेल. सर्व दुव्यांना ‘येथे क्लिक करा’ असे नाव देऊ नये, कारण मी दुव्यांची यादी ऐकतो तेव्हा मला एकामागून एक चौदा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकू येते. आणि पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) नोंदवायला ठेकेदारास सांगावे, अन्यथा मराठी मजकूर इंग्रजी उच्चारांत वाचला जाऊ शकतो. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये माहिती सर्वांना सुगम असावी असे म्हटलेलेच आहे. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी पिवळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे बदलावीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान 4.5 : 1 असावी, असे सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

प्रतिसाद : कयाधूकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी थोडे करून पाहावे असे ठरवले होते.

ती जुनी सूचना सर्व्हरवर खरोखर होती आणि तिच्यासोबत तशाच आणखी अकरा सूचना होत्या. त्या आता संग्रहात शिक्क्यासह गेल्या आहेत आणि प्रवेशाचे एकच कायमचे पान तयार झाले आहे. डोमेनचा शोध घेतला तेव्हा नूतनीकरणाचा ईमेल चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा निघाला. त्यांनी सौजन्याने सर्व तपशील दिले, पण मुदत संपायला अवघे 19 दिवस उरले होते हे ऐकून प्राचार्यांनी प्रथमच संकेतस्थळाच्या विषयावर बैठक बोलावली. त्या बैठकीत पानांची पदवार वाटणी मंजूर झाली. दोन विभागप्रमुखांनी ‘आमच्या पानात बदल करण्यासारखे काही नाही’ असे सांगितले, त्यांपैकी एका पानावर अद्याप परभणी जिल्हा असा पत्ता आहे. हिंगोली जिल्हा 1999 मध्ये झाला.

गोदातीर सरांचे उत्तर मी बैठकीत वाचून दाखवले आणि त्यानंतर स्कॅनबद्दल कोणी वाद घातला नाही.

जावक नोंदवहीत दोन रकाने आखून झाले. पहिली नोंद विद्यार्थी बसपास अर्जांच्या सूचनेची आहे. ‘उतरवण्याचा दिनांक’ या रकान्यात आमच्या लिपिकांनी ‘कायम’ असे लिहिले होते. ते खोडून घेतले आहे आणि त्याशेजारी त्यांची आद्याक्षरी घेतली आहे.